कार्ड आहे, पण धान्य येत नाही: रेशन आणि पोषण योजनांची वाट पहिल्यांदाच धरणाऱ्यांसाठी

तहसीलच्या पुरवठा शाखेबाहेर थोडा वेळ उभे राहिलात तर एक वाक्य हमखास कानावर येईल : "साहेब, कार्ड आहे, पण धान्य मिळत नाही." आतून उत्तर येते, "तुमचं नाव धान्यात नाही." बाहेरचा माणूस कार्ड पुढे सरकवतो, आतला तेच पुन्हा सांगतो. दोघेही खरे बोलत असतात. रेशन कार्ड म्हणजे तुमच्या कुटुंबाची नोंद. धान्य मिळणार की नाही हे ठरते ते राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीत तुमचे कुटुंब आहे की नाही यावर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्के डोक्यात ठेवले की पुढचे निम्मे हेलपाटे वाचतात.

हा लेख महाराष्ट्रातल्या योजनांपुरता आहे. ज्यांचे कार्ड नवे आहे, ज्यांचे लग्न होऊन घर वेगळे झाले आहे, जे कामासाठी गाव सोडून आले आहेत, किंवा जे अशा कुणाला मदत करत आहेत, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

आधी आपण कोणत्या खान्यात आहोत ते बघा

महाराष्ट्रात १९९९ पासून तीन रंगांची कार्डे आहेत. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळे, १५ हजार ते १ लाख असेल तर केशरी, त्यावर पांढरे. घरात चारचाकी असेल किंवा चार हेक्टरांहून जास्त बागायती जमीन असेल तरीही पांढरे. ही झाली रंगांची गोष्ट.

धान्याची गोष्ट २०१३ च्या कायद्याने बदलली. राज्यात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दोनच गट आहेत. पहिला अंत्योदय : कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, माणसे कितीही असोत. दुसरा प्राधान्य कुटुंब : माणशी ५ किलो. आधी यासाठी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो असे पैसे लागत. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते मोफतच राहील असा केंद्राचा निर्णय आहे.

म्हणजे दोन शेजाऱ्यांकडे केशरीच कार्डे असू शकतात. एकाला धान्य मिळते, दुसऱ्याला नाही. ज्याला मिळते त्याच्या कार्डावर बहुतेक वेळा "प्राधान्य कुटुंब" असा शिक्का सापडेल. पण शिक्क्यावर विसंबू नका. खरी नोंद संगणकात आहे. कार्डाचा बारा अंकी नंबर असतो, दुकानदार त्याला आरसी नंबर म्हणतात. तो दुकानातल्या ई-पॉस मशीनमध्ये (अंगठा लावून धान्य द्यायचे मशीन) टाकला की तुमची योजना, किती माणसांची नावे आहेत आणि या महिन्याचा कोटा किती, हे सगळे दिसते. हेच "मेरा राशन" या मोबाईल ॲपवरही बघता येते. कार्डावर सहा नावे आणि मशीनमध्ये चारच, असे बऱ्याच घरांत निघते. धान्य चार माणसांचेच येते, आणि घरच्यांना वाटत राहते की दुकानदार कापतो.

कार्डच नसेल तर

ग्रामीण भागात अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात. ऑनलाइन अर्ज अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या आरसीएमएस संकेतस्थळावर करता येतो, नाहीतर आपले सरकार सेवा केंद्रातून, ज्याला आजही सगळे सेतूच म्हणतात. लागणारे कागद : घरातल्या प्रत्येकाचे आधार, राहण्याचा पुरावा (वीजबिल, घरपट्टीची पावती, भाडेकरार यांपैकी काही), उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स, कुटुंबप्रमुख बाईचा फोटो, आणि आधी कुठल्या कार्डावर नाव असेल तर तिथून ते कमी केल्याचा दाखला.

शेवटचा कागद सगळ्यात जास्त अडवतो. एका माणसाचे नाव दोन कार्डांवर चालत नाही, कारण आधार दोन्हीकडे जुळते आणि अर्ज तिथेच परत येतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी जुन्या कार्डातून नाव कमी करणे, त्याचा दाखला हातात, मग नवा अर्ज.

कुटुंबप्रमुख म्हणून बाईचे नाव ही मेहेरबानी नव्हे. कायद्याच्या कलम १३ नुसार घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात वडील स्त्री हीच रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख. काही घरांत आजही कारभारी माणूस अर्जावर स्वतःचे नाव पहिले लिहून आणतो आणि अर्ज दुरुस्तीला परत जातो.

कार्यालयाबाहेर झाडाखाली बसलेले एजंट "आठ दिवसांत धान्य चालू करून देतो" म्हणतात. कार्ड काढून देणे त्यांना जमेलही. धान्य चालू करणे त्यांच्या हातात नाही. ते कशामुळे, ते आता बघू.

नाव धान्यात बसवणे

पुरवठा खात्यात एक शब्द सारखा ऐकू येतो : इष्टांक. म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचे याची ठरलेली संख्या. कायद्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या ७६.३२ टक्के आणि शहरी भागातल्या ४५.३४ टक्के लोकसंख्येला ही मर्यादा घातली. लोकसंख्या धरली २०११ च्या जनगणनेची. आकडा निघाला ७ कोटी १७ हजारांच्या आसपास, आणि तो तिथेच थांबला आहे. त्यानंतर जन्मलेली, वयात आलेली, वेगळी झालेली सगळी कुटुंबे याच आकड्यात बसायची आहेत. कुणी मयत झाले, कुणी गाव सोडले, कुणाचे नाव अपात्र म्हणून गळले, की जागा रिकामी होते. "इष्टांक शिल्लक नाही" या उत्तराचा अर्थ एवढाच. त्यात तुमची पात्रता नाकारलेली नसते, पण ऐकणाऱ्याला तसेच वाटते आणि तो घरी जातो.

प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये. दिवसाला तीनशे रुपये मजुरी आणि वर्षातले दोनशे दिवस काम, एवढे धरले तरी साठ हजार होतात. म्हणजे एकट्या माणसाच्या मजुरीवर चालणारे घरही कागदावर या रेषेच्या वर जाऊ शकते. ही मर्यादा आजच्या मजुरीशी जुळत नाही हे खिडकीच्या आतल्यांनाही कळते. तरी उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्यासमोर (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जे खरे आहे तेच सांगा. कामाचे दिवस किती मिळाले, ते स्पष्ट बोला. बारा महिने रोज काम मिळते असे गृहीत धरून आकडा लावला जाऊ देऊ नका.

अर्ज साधा असू द्या. नमुना :

"प्रति, मा. तहसीलदार, पुरवठा शाखा, तालुका ……
विषय : प्राधान्य कुटुंब योजनेत समावेश होणेबाबत.
मी …… राहणार …… माझा शिधापत्रिका क्रमांक …… असून त्यावर …… व्यक्तींची नावे आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न …… रुपये असून दाखला सोबत जोडला आहे. आमचे कुटुंब सध्या अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब योजनेत नाही. तरी आमचा समावेश प्राधान्य कुटुंब योजनेत करावा. इष्टांक शिल्लक नसल्यास अर्जाची नोंद प्रतीक्षा यादीत घेऊन आमचा क्रमांक लेखी कळवावा, ही विनंती."

शेवटची ओळ विसरू नका. केंद्राने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक वितरणाच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली, त्यात प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आणि सगळ्यांना दिसेल अशी प्रतीक्षा यादी, या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. यादीत तुमचा नंबर लागला आहे हे लेखी हातात असेल तर मागून येऊन पुढे गेलेल्याबद्दल विचारता येते. अर्जाची दुसरी प्रत न्या, तिच्यावर पोच घ्या. शिक्का, तारीख आणि सही नसलेली पोच ही पोच नव्हे.

अंत्योदयाची वाट वेगळी आहे. ही योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली ती गरिबांतल्या गरिबांसाठी : भूमिहीन मजूर, कुणाचा आधार नसलेल्या विधवा, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले, साठीच्या पुढचे निराधार. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन आदिम जमातींतल्या कुटुंबांनी आधी अंत्योदयचीच मागणी करावी. एकट्या म्हातारीलाही अंत्योदयमध्ये पूर्ण ३५ किलो मिळतात. सोबत महिन्याला एक किलो साखर वीस रुपयांत.

इथे एक हिशेब कुणी समजावून सांगत नाही. ३५ भागिले ५ म्हणजे सात. घरात सातपेक्षा जास्त माणसे असतील तर अंत्योदयपेक्षा प्राधान्य कुटुंबात धान्य जास्त येते. नऊ माणसांच्या अंत्योदय घराला ३५ किलो आणि शेजारच्या नऊ माणसांच्या प्राधान्य घराला ४५ किलो! मग साहजिकच मुले म्हणतात, कार्ड विभक्त करू. करा, पण आधी पुरवठा शाखेत विचारा की नव्या कार्डाला धान्य लगेच लागू होणार का. कार्ड विभक्त झाले की नवे कुटुंब इष्टांकाच्या रांगेत जाऊन उभे राहू शकते. मग जुन्या कार्डावरची चार नावेही गेली आणि नव्यावर दाणा नाही, अशी गत होते.

आणि नव्या सुनेचे काय? लग्न झाले की माहेरच्या कार्डातून नाव कमी होते. सासरच्या कार्डावर चढायला महिने लागतात. चढले तरी धान्यात बसायला इष्टांक हवा. नेमका हाच काळ पहिल्या गरोदरपणाचा. म्हणून माहेरचे नाव कमी करण्याआधी सासरच्या कार्डाचा अर्ज, कागद, सह्या सगळे तयार ठेवा, म्हणजे मधला काळ कमीत कमी राहील. तोवर तिच्या पोटाची सोय कुठे आहे ते खाली अंगणवाडीत येईल.

दुकानात

रास्त भाव दुकानात कार्डावरच्या कुठल्याही एका माणसाने अंगठा लावला की धान्य निघते. मशीनमधून पावती येते. ती घ्यायचीच. पावतीवर महिना, योजना, गहू किती, तांदूळ किती, हे छापलेले असते. चार माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला एकूण २० किलो मिळाले पाहिजेत. गहू-तांदळाची वाटणी जिल्ह्याप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलते. माणशी दोन किलो गहू आणि तीन किलो तांदूळ असेल तर ८ आणि १२. कधी गव्हाऐवजी ज्वारीही येते. वाटणी बदलली तरी बेरीज २०च राहिली पाहिजे.

पिशवी काट्यावर ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे का बघा. "हमाली", "गोणीची घट", "वाहतूक" म्हणून किलो-अर्धा किलो कापायची जुनी खोड काही दुकानांत अजून आहे. दुकानदाराला क्विंटलमागे कमिशन सरकार देते. तुमच्या वाट्यातून काही कापायचा त्याला अधिकार नाही. याची दुसरी बाजूही आहे : कमिशन महिनोन्महिने थकते आणि दुकानाचे भाडे-वीज त्याला खिशातून भरावे लागते, हेही खरे. पण त्याचा हिशेब त्याने खात्याशी करावा.

कधी दोन-तीन महिन्यांचे धान्य एकदम येते. २०२५ च्या पावसाळ्याआधी जून, जुलै, ऑगस्टचे असेच दिले गेले. अशा वेळी कोणकोणत्या महिन्यांचे मिळाले ते पावतीवर तपासा, नाहीतर ऑगस्टमध्ये "तुमचं उचललं गेलंय" असे ऐकायला मिळते.

अंगठा लागत नाही ही गवंडी, वीटभट्टीवाले, विड्या वळणाऱ्या बाया आणि म्हाताऱ्यांची रोजची रड आहे. चुना आणि सिमेंटने बोटांच्या रेषाच झिजतात. हात धुऊन कोरडे करा, दुसरे बोट लावून बघा. अंगठाच हवा असे काही नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाचा लावा. नव्या मशीनला डोळ्यांच्या बुबुळाची ओळख चालते. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवर होते. आणि काहीच जमले नाही तरीही रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही. केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ ला सगळ्या राज्यांना तसे स्पष्ट कळवले आहे : आधार नाही किंवा बोट जुळत नाही म्हणून पात्र माणसाचे धान्य अडवायचे नाही, वेगळ्या वहीत नोंद करून द्यायचे. दुकानात ही तारीख सांगा. अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या वतीने धान्य आणण्यासाठी दुसऱ्या माणसाची नेमणूक करून घेता येते, त्यासाठी तहसीलला अर्ज द्यावा लागतो.

ई-केवायसी

कार्डावरच्या प्रत्येक माणसाने एकदा मशीनवर बोट लावून "मी आहे" हे दाखवायचे, एवढाच याचा अर्थ. ते तुमच्याच दुकानात केले पाहिजे असे नाही, कुठल्याही रेशन दुकानात होते, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मोबाईलवर करायचे तर "मेरा ई-केवायसी" आणि "आधार फेस आरडी" ही दोन ॲप घ्यावी लागतात. आधार नंबर, ओटीपी आणि मग कॅमेऱ्यासमोर चेहरा. डोळे मिटून उघडायला सांगते तेव्हा उजेड तोंडावर हवा, पाठीमागे नको.

२०२५ च्या त्याच दुरुस्ती आदेशात दोन गोष्टी आहेत ज्या प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. ई-केवायसी दर पाच वर्षांनी पुन्हा करायची आहे. आणि सलग सहा महिने धान्य उचलले नाही तर कार्ड तात्पुरते बंद पडते. मग तीन महिन्यांत घरी चौकशी आणि ई-केवायसी होऊन ते चालू करायचे की नाही हे ठरते. पाच वर्षांखालच्या मुलांची बोटे घेत नाहीत, पण मूल पाचाचे झाले की वर्षभरात ई-केवायसी हवी. त्याआधी आधार केंद्रावर मुलाची बोटे नोंदवून घ्या.

गाव सोडून कामाला गेलात तर

बीडहून ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीला किंवा थेट कर्नाटकात गेलेली जोडपी सहा-सहा महिने रेशनविना काढत. आता तशी गरज नाही. राज्यातल्या कुठल्याही दुकानात तुमचा अंगठा चालतो. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा दोन जोड्यांपासून दुसऱ्या राज्यातल्या उचलीची सुरुवात झाली, आणि आज "एक देश एक रेशन कार्ड" सगळ्या देशात लागू आहे. अर्ज नको, कार्डाची बदली नको. बारा अंकी नंबर किंवा आधार सांगा आणि बोट लावा.

सगळ्यात कामाची सोय ही, की कोटा तोडून उचलता येतो. गावी आजी आणि दोन नातवंडे, कारखान्यावर नवरा-बायको, कार्ड एकच, माणसे पाच. गावात आजीने १५ किलो घ्यावे, फडावरच्यांनी १० किलो. आजीला आधी सांगून ठेवा की सगळे एकदम उचलू नको. दुकानदार "बाहेरच्यांना माल नाही" म्हणाला तर १४४४५ या नंबरवर फोन करा. दुसऱ्या राज्यात गहू-तांदळाचाच हक्क मिळतो. साखरेसारख्या राज्याच्या जादा गोष्टी मागू नका.

ज्याला कार्ड लागत नाही

हा भाग मुद्दाम मोठ्याने सांगावा असा आहे, कारण कार्डाच्या भानगडीत अडकलेली माणसे हे सोडून देतात. अंगणवाडी आणि शाळेचा आहार मिळायला रेशन कार्ड लागत नाही, इष्टांक लागत नाही, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. हे हक्कही त्याच २०१३ च्या कायद्यात आहेत, कलम ४ आणि ५ मध्ये.

गरोदर बाई, बाळंत झाल्यापासून सहा महिने आई, आणि सहा महिने ते सहा वर्षांचे मूल, या सगळ्यांना अंगणवाडीतून आहार. तीन वर्षांखालच्या मुलांना आणि मातांना घरी न्यायचा कोरडा आहार, तीन ते सहाच्या मुलांना तिथेच शिजवलेले जेवण. वर ज्या सुनेचे नाव दोन कार्डांच्या मध्ये लटकले होते, तिने दिवस राहिल्याचे कळताच राहत्या ठिकाणच्या अंगणवाडी ताईंकडे नाव घालावे. सासरचे गाव की माहेरचे, हा प्रश्न तिथे येत नाही; कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीतही नोंद होते. आता घरचा आहार देताना ताई मोबाईलवर बाईचा चेहरा टिपतात, त्यासाठी आधार आणि चालू मोबाईल नंबर बरोबर ठेवा.

पाकिटातला आहार मुलांना आवडत नाही, काही घरांत तो चक्क गुरांपुढे जातो. तसा टाकण्याऐवजी ज्वारीच्या पिठात मिसळून थालीपीठ लावा, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून. नुसते पाण्यात कालवून दिलेल्या पिठापेक्षा मूल ते नक्की खाईल.

अंगणवाडीत वजनाबरोबर दंडाचा घेरही मोजून घ्या. तीन रंगांची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी लाल दाखवते. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा. लाल आला तर मूल तीव्र कुपोषित आहे, त्याला आरोग्य केंद्रात दाखवायचे. भूक नसेल, ताप किंवा जुलाब असतील तर पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवावे लागते. तिथे उपचार मोफत असतात आणि आईलाही जेवण आणि बुडालेल्या रोजाची भरपाई मिळते. मजुरी बुडेल म्हणून नकार देणाऱ्या आईला हे आधी सांगा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आणि २५ टक्क्यांहून जास्त उंचीच्या मानाने वाळलेली आहेत, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे आहेत.

आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना वेगळी आहे : गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम चौरस जेवण, आणि मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी. पालघर, नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट इकडच्या बायांनी ताईंना नाव घेऊन विचारावे.

शाळेत पहिली ते आठवीपर्यंत दुपारचे जेवण. आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये केला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. डाळ-तांदळाच्या खिचडीत एका अंड्याने जो फरक पडत होता, तो वाचवलेल्या पैशांत कुठे दिसत नाही.

पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पाच हजार रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार एकदम मिळतात. इथे मात्र पात्रतेच्या कागदांत अन्न सुरक्षेचे रेशन कार्ड हा एक पर्याय आहे. ते नसेल तर ई-श्रम किंवा रोजगार हमीचे जॉब कार्डही चालते.

तांदळात वेगळे दाणे दिसले तर

तांदूळ निवडताना किंवा धुताना काही दाणे पिवळसर, गुळगुळीत दिसतात, पाण्यावर तरंगतात. "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून बाया ते वेचून टाकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकारात काढलेला तो पोषणयुक्त तांदूळ आहे. शंभर किलोला एक किलो या प्रमाणात तो मिसळतात, आणि रेशन, अंगणवाडी, शाळा सगळीकडे तो दिला गेला आहे. वेचून टाकलात तर लोह तेवढेच गेले. हलक्या हाताने धुवा, फार वेळ भिजत ठेवून पाणी ओतू नका, भातात पाणी बेताचे घाला म्हणजे पेज काढावी लागणार नाही. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर त्याच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

पाच किलो धान्य म्हणजे माणशी रोज साधारण १६५ ग्रॅम. कष्ट करणाऱ्या माणसाची निम्मी भूकही त्याने भागत नाही. डाळ आणि तेल या कायद्यात नाहीत. म्हणून वाचलेल्या पैशांतले थोडे तरी डाळीला, मटकी-चवळीला, शक्य असेल तर अंड्यांना जावेत. गहू विकून मोबाईलचे रिचार्ज मारणारेही पाहिले आहेत. रेशनचे धान्य विकले हे सिद्ध झाले तर कार्डावर कारवाई होते.

बाकीचे थोडक्यात

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली : दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कार्ड लागत नाही. प्रत्येक थाळी केंद्राला रोजच्या थाळ्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून वेळेवर जा. आनंदाचा शिधा २०२२ च्या दिवाळीत आला, शंभर रुपयांत चार जिन्नस; पण तो कायद्यातला हक्क नव्हता, सरकारच्या मनावर होता, त्यामुळे त्याच्या भरवशावर सणाचा हिशेब करू नका. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना रोख रक्कम बँकेत येते. २०२३ मध्ये ती १५० होती, २०२४ मध्ये १७० झाली. आधारला बँक खाते जोडलेले नसेल तर ती अडकते.

तक्रार कशी करायची

पहिली जागा दुकानच. दुकानाबाहेर फलक हवा : दुकान उघडण्याची वेळ, शिल्लक साठा, कुणाला किती, तक्रार कुणाकडे. आत तक्रार वही असते. वही देत नसेल तर तेही तक्रारीत लिहा. मग १९६७ हा हेल्पलाइन नंबर. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक कागदावर टिपून ठेवा. लेखी तक्रार तहसीलदारांकडे, प्रत रेशन दुकानावर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या दक्षता समितीला. समिती कागदावरच आहे असे बऱ्याच गावांत ऐकायला मिळेल. तरी प्रत द्या, कारण पुढे विचारले जाते. त्यानंतर कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यांच्या निर्णयावर अपील महाराष्ट्र राज्य अन्न आयोगाकडे. कार्डाचा अर्जच पडून राहिला असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते. कोणत्या सेवेला किती दिवस, याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा.

पात्र असूनही धान्य दिले गेले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. त्याचा हिशेब २०१५ च्या नियमांत आहे : आधारभूत किमतीच्या सव्वापट रकमेतून धान्याची ठरलेली विक्री किंमत वजा करायची आणि न मिळालेल्या किलोंनी गुणायचे. तुम्ही स्वतःच दुकानात गेला नाहीत तर भत्ता नाही. म्हणून गेलात आणि माल नव्हता, तर ते त्याच दिवशी तक्रार वहीत लिहून या.

आणि एक गोष्ट दर महिन्याला करा. राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर आरसी नंबर टाकला की त्या महिन्यात तुमच्या कार्डावर किती किलो, कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानातून उचलले गेले ते दिसते. पोराला मोबाईलवर उघडायला सांगा. तुम्ही न उचललेले धान्य तिथे उचललेले दिसले तर त्या पानाची प्रिंट काढा, तुमच्याकडच्या पावत्या जोडा आणि तहसीलला द्या. तोंडी तक्रारीवर "बघतो" म्हणणाऱ्यालाही छापील तारीख आणि दुकान क्रमांक समोर आला की उत्तर लिहून द्यावे लागते.